बारावी झाली, नर्सिंग घेऊ की सोशल वर्क? आजोबांचं केलं म्हणून परक्याचं जमेल का?

देवगडची_लेक
नमस्कार सगळ्यांना. यंदा बारावी सायन्स झाली, पीसीबी, ६१ टक्के. बाबांची थोडी आंब्याची कलमं आहेत, बाकी काही नाही. दोन वर्षांपूर्वी आजोबांना पॅरालिसिसचा अटॅक आला, उजवी बाजू गेली. गाडी मिळून गोव्याला बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात पोचेपर्यंत दुपार झाली, तिथे सांगितलं की अटॅकपासून साडेचार तासांच्या आत आणलं असतं तर गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता आलं असतं. ते वाक्य अजून डोक्यातून जात नाही.

मग चौदा महिने ते अंथरुणावर, आणि आईला बागेचं काम म्हणून त्यांचं सगळं मीच बघायचे. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीला कुठे लाल झालंय का बघायचं, उश्या लावून बसतं करायचं, नाकातली नळी जागेवर आहे ना ते तपासून मग गाळलेली पेज हळूहळू सोडायची. बोलणं गेलं होतं, पण डाव्या हाताने माझी ओढणी ओढायचे, की मला कळायचं कूस दुखतेय. मार्चमध्ये गेले.

आता सगळे म्हणतात तुझा स्वभावच सेवेचा, नर्सिंगला जा. आत्या म्हणते रात्रपाळ्या असतात, पुढे लग्नाला अडचण. मामा म्हणतो फार्मसी कर. मला काम माणसांतच करायचंय एवढं पक्कं आहे, पण आजोबा माझे होते, परक्या माणसाचं तेवढ्या मायेने होईल का? आणि ते गेल्यावर महिनाभर मला झोप नव्हती, तसं प्रत्येक पेशंटला झालं तर मी कशी टिकणार?

रातपाळी_सिस्टर
बाय, परक्याचं जमेल का हे मी ट्रेनिंग संपेपर्यंत कुणाला विचारायचं धाडस केलं नाही, तू आधीच विचारलंस ते बरं केलंस. बावीस वर्षं सरकारी दवाखान्यात आहे म्हणून सांगते, माया लागतेच असं नाही, आधी हात बसतो.

एकदा भातलावणीनंतर लेप्टोचा, म्हणजे शेतातल्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाचा, एक पेशंट आला, किडन्या बसत चाललेल्या, लघवी तासातासाला मोजायची होती. वीस मिली, मग पंधरा, मग परत वीस. माणूस तापट, माझ्यावर ओरडायचा, नळी काढ म्हणायचा, मला त्याच्याबद्दल काही माया वगैरे वाटत नव्हती, मी नुसती मोजत होते आणि चार्टवर लिहीत होते. तिसऱ्या रात्री साठ मिली आली आणि मी जवळजवळ पळत जाऊन डॉक्टरांना उठवलं. तेव्हा कळलं की या माणसाचं मला किती लागून राहिलं होतं.

आणि रडू येतं गो, का नाही येणार. वॉर्डात पहिल्यांदा एक लहान मूल माझ्या हातात गेलं तेव्हा मी चादरींच्या खोलीत जाऊन बसले होते, आमच्या सिनियर सिस्टर आल्या, चहा दिला, दहा मिनिटं नुसत्या बसून राहिल्या, मग म्हणाल्या सात नंबरचं सलाईन संपत आलंय. घरात तू एकटी होतीस, वॉर्डात एकटी नसतेस, हा फरक फार मोठा आहे.

कोर्सचं सांगायचं तर बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, त्याला सीईटी लागते. जीएनएम म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा तीन वर्षं, आणि त्यानंतर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून डिग्री मिळवता येते, आमच्यातल्या कितीतरी जणी तशाच पुढे गेल्या. सरकारी स्टाफ नर्सचं मूळ वेतन ३५,४०० पासून आहे, खाजगीत सुरुवातीला त्याच्यापेक्षा खूप कमी देतात, हे आत्ताच माहीत असू दे. फिजिओ आवडत असेल तर त्याला नीटची परीक्षा द्यावी लागते.

एमएसडब्ल्यू_रत्नागिरी
सोशल वर्क विचारलंयस म्हणून लिहितो. रत्नागिरीचं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं आहे हे आपल्याकडेच पुष्कळांना माहीत नसतं, आणि पेशंट बरा झाल्यावर पुढे काय हा प्रश्न डॉक्टर-नर्सच्या हातातला राहत नाही, तिथून आमचं काम सुरू होतं. मी दुसऱ्या एका संस्थेत होतो, तिथे एक बाई होत्या, पत्ता म्हणून एवढंच सांगायच्या की घराखाली व्हाळ (ओढा) आणि वर सातेरी देवीचं देऊळ. आता सातेरीची देवळं तळकोकणात किती! पोलीस पाटलांना फोन, सरपंचांना फोन, असे तीन महिने गेले तेव्हा घर सापडलं, आणि भाऊ दारात उभा राहून म्हणाला, आता जागा नाही. त्या दाराशी मी पाच वेळा गेलो. सहाव्या वेळी वहिनीने पाणी दिलं. हे असं काम आहे, कूर्मगतीने चालणारं, आणि पगार बऱ्याच संस्थांत प्रोजेक्ट असेपर्यंतच. एमएसडब्ल्यू, म्हणजे सोशल वर्कची मास्टर्स, कुठल्याही डिग्रीनंतर दोन वर्षांत होतं, म्हणजे आधी नर्सिंग करून नंतरही येता येईल, उलटं मात्र अवघड.

कुडाळकर_दादा
फक्त एक, कॉलेज बघून घे. माझ्या बहिणीने एका ठिकाणी ॲडमिशन घेतली, इमारत छान, फी भरली, आणि दुसऱ्या वर्षी कळलं की मान्यताच नाही. वर्ष आणि पैसे दोन्ही गेले, आई अजून त्या रस्त्याने जात नाही. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव असल्याशिवाय एक रुपया देऊ नकोस, रजिस्ट्रेशन झालं नाही तर सर्टिफिकेटचा काही उपयोग नाही.

आशाताई_मालवण
मी आशा आहे, भातलावणीत लेप्टो होऊ नये म्हणून डॉक्सीच्या गोळ्या वाटत वाडीवाडी फिरते. आपल्याकडे पोरं मुंबईला आणि घरात म्हातारं माणूस एकटं, अशी घरं तुझ्या गावातही असतीलच. फॉर्म भरायच्या आधी तुमच्या आशाताईबरोबर आठ दिवस फिर. आमच्या वाडीत एक आजी आहे, मी गेले की पहिलं म्हणते, ‘गो बाय, माका जरा कुशीर फिरव.’ तिचं माझं नातं काहीच नाही. तू कर, मग तुला तुझंच कळेल.

देवगडची_लेक
कुशीर फिरव वाचून रडले. आमच्या आशाताईंना आत्ताच फोन केला, सोमवारी न्यायला तयार आहेत, खालच्या वाडीत एक आजोबा आहेत, पाठीला जखम झालीय म्हणाल्या. सिस्टर, त्यांना वळवताना जखमेला धक्का लागू नये म्हणून कसं धरायचं?

रातपाळी_सिस्टर
एकटीने ओढू नकोस, दोघी लागतात. खाली दुमडलेली चादर घालायची आणि चादरीने उचलून वळवायचं, कातडी घासता कामा नये. जखम किती मोठी, काळी आहे का, वास येतो का, बघून इथे लिही. आणि त्यांना हात लावायच्या आधी सांग, आजोबा, आता वळवते हां.