पोकरमध्ये रिव्हरवर (टेबलावरचं पाचवं, शेवटचं पान उघडल्यावर) बेट करून, म्हणजे पैसे लावून, मग फोल्ड करणं (पानं टाकून देणं) चूक नाही
"रिव्हरवर पाचशे टाकल्यावर रेझ आली (समोरच्याने रक्कम वाढवली) तर कॉल (तेवढी रक्कम भरून बरोबरी) करावाच लागतो, नाहीतर आधी चेकच (काही न लावता पुढे) करावं" हे वर आलेलं मत पटलं नाही. टाकलेल्या चकत्या आता पॉटच्या (मधल्या ढिगाच्या), त्या वाचवायला कॉल करायचा नसतो. समजा हातात इस्पिकचा एक्का, किलवरची राणी. टेबलावर बदामची राणी, बदामची नव्वी, इस्पिकची चव्वी, चौकटची दुर्री आणि शेवटी बदामची सत्ती. पॉट 1000. समोरच्याने चेक केलं, तुम्ही 500 लावले, त्याने 1500 केले. आता 1000 घालून 3000 जिंकायचे आहेत, म्हणजे चारांत एकदा तरी तुमची पानं सरस हवीत. पुण्यात घरोघरी बसणाऱ्या टेबलांवर एरवी नुसता कॉल करत बसणारा माणूस तिसरं बदाम पडून फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) शक्य झाल्यावर रेझ करतो, तेव्हा तो इतक्या वेळा ब्लफ (हलक्या पानांवर धाक) करत नाही. फोल्ड करा. तरी ते 500 लावणं बरोबरच होतं, कारण राणी-गुलाम, राणी-दश्शी हे राणीच्याच जोडीचे पण तुमच्या एक्क्यापुढे हलके हात कॉल करून पैसे देतात. चेक केलं असतं तर तेवढं गेलंच.

इथे कुणी मोजलं नाही ते म्हणजे हातातलं बदाम. टेबलावर तीन बदाम असताना उरलेल्या दहांतून फ्लशच्या 45 जोड्या होतात; तुमच्याकडे बदामचा एक्का असेल तर 36च, शिवाय सर्वांत मोठा फ्लश त्याच्याकडे असूच शकत नाही. खरोखर ब्लफ करणाऱ्यासमोर कॉल करायचाच असेल तर तो अशा हाताने करावा.