‘व्होलटाइल’ला ‘अस्थिर’ म्हणावं का?

परवा एका कारखान्याच्या सुरक्षा-सूचनांचा मराठी मजकूर तपासायला आला. पिंपावर चिकटवायच्या पट्टीवर लिहिलं होतं, ‘अस्थिर द्रव, झाकण घट्ट लावावे’. पिंपात ॲसिटोन, मूळ इंग्रजी शब्द ‘व्होलटाइल’, म्हणजे इथे चटकन वाफ होऊन उडून जाणारं. हे वाचून कामगाराला काय कळणार? पिंप डुगडुगतंय, एवढंच.

नेलपॉलिश पुसायच्या बाटलीत पुष्कळदा ॲसिटोनच असतं. त्याचा थेंब बोटावर घेतला की गार लागतं आणि बघता बघता थेंब नाहीसा होतो. ५६ अंश सेल्सिअसला ते उकळतं, म्हणून साध्या हवेतही भराभर उडतं. पण रसायन म्हणून ते चांगलं स्थिर आहे. बंद बाटलीत बरीच वर्षं ॲसिटोनच राहतं. हायड्रोजन पेरॉक्साइडचं उलटं. ते नुसतं ठेवलं तरी हळूहळू त्याचं पाणी आणि ऑक्सिजन होत जातं. रसायनशास्त्रात अस्थिर म्हणायचं ते याला. दोघांना एकच शब्द लावला तर कुठली काळजी घ्यायची हेच कळत नाही. ‘ज्वालाग्राही’ म्हणूनही भागत नाही. ॲसिटोन उडतंही आणि पेटही घेतं, पण क्लोरोफॉर्म झपाट्याने उडतं आणि सहसा पेट घेत नाही. खोबरेल पेटतं, पण दिवसभर उघड्या वाटीत ठेवलं तरी कमी होत नाही.

शब्दाचं मूळ पाहिलं की गुंता सुटतो. लॅटिनमध्ये ‘व्होलारे’ म्हणजे उडणे. जुन्या इंग्रजी लिखाणात ‘व्होलटाइल’ हे नाम चक्क पाखरांसाठी येतं. वाफ होऊन उडून जाणारं, चंचल स्वभावाचं, हे अर्थ पुढे आले. व्हॉलीबॉलमधला ‘व्हॉली’ याच घरातला: चेंडू जमिनीला टेकायच्या आत, उडत असतानाच मारायचा. ‘व्होल्कॅनो’ मात्र या कुळातला नाही, तो व्हल्कन या रोमन अग्निदेवतेच्या नावावरून आला. भडका उडण्याशी दोन्ही शब्द जोडले जातात म्हणून अनेकांची इथे गल्लत होते.

मला सगळ्यात जास्त आनंद याचा होतो की मराठीनेही याच क्रियापदाला हे काम दिलं आहे. आपण अत्तर उडालं म्हणतो, पेट्रोल उडतं म्हणतो. आमच्याकडे देवघरातल्या कापराच्या डबीत आई चार मिरे टाकून ठेवायची, कापूर उडू नये म्हणून. झाकण सैल राहिलं की महिन्याभरात वड्या झिजून निम्म्या व्हायच्या आणि मिरे तेवढे तसेच. शाळेत पुढे त्याला ‘संप्लवन’ म्हणायला शिकवलं, पण गोष्ट डबीतच कळलेली होती. विज्ञानाच्या पुस्तकांत ‘बाष्पनशील’ रूढ आहे, तो नेमका आहे आणि तिथे तोच राहावा. पिंपावर मात्र मी लिहिलं, ‘हवेत लगेच उडून जाणारा द्रव’, आणि त्याखाली वेगळ्या ओळीत, ‘चटकन पेट घेतो’.

संगणकाचंही तसंच. रॅमला, म्हणजे संगणकाच्या चालू कामापुरत्या स्मृतीला, व्होलटाइल मेमरी म्हणतात, कारण वीज गेली की तिच्यातलं सगळं जातं. सेव्ह न करता लिहीत बसलेला माणूस लाइट गेले की काय ओरडतो? ‘उडालं सगळं!’ हा शब्द कुठल्या परिभाषा समितीने दिलेला नाही, लोकांनी आपसूक धरला.

शेअर बाजारात मात्र ‘उडणे’ चालत नाही. तिथे वृत्तपत्रं ‘अस्थिरता’ लिहितात आणि वाचणाऱ्याला वाटतं बाजार पडतोय. व्होलटिलिटी म्हणजे पडणं नव्हे, भाव किती जोरात वरखाली होतात ते. ४ जून २०२४ ला, लोकसभेच्या निकालादिवशी, सेन्सेक्स सुमारे ४,३९० अंशांनी आपटला आणि दुसऱ्याच दिवशी सुमारे २,३०० अंशांनी चढला. व्होलटिलिटीत दोन्ही दिवस आले, चढाचासुद्धा. एनएसईचा, म्हणजे राष्ट्रीय शेअर बाजाराचा, इंडिया व्हीआयएक्स निर्देशांक हेच सांगतो: पुढच्या ३० दिवसांत निफ्टी (तिथल्या ५० मोठ्या कंपन्यांचा निर्देशांक) किती हलेल अशी ऑप्शनच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे खरेदी-विक्री करण्याच्या हक्काच्या, भावांवरून दिसणारी अपेक्षा. कुठल्या बाजूला हलेल ते तो सांगत नाही. यासाठी ‘हेलकावे’ इतका चांगला शब्द असताना तो मागे का पडावा? होडी हेलकावे खाते म्हणजे ती बुडतेच असं नाही. ‘बाजार हेलकावे खातोय’ हे माझ्या कानाला तरी ‘बाजारात अस्थिरता’पेक्षा खरं वाटतं.

माणसाबद्दल बोलताना एक शब्द पुरत नाही. घडीत हसणारा, घडीत बिनसणारा असेल तर लहरी. चटकन भडकणारा असेल तर तापट किंवा शीघ्रकोपी. इंग्रजीत दोघेही व्होलटाइल असतील, पण आपल्याकडे लहरी माणूस तापट असेलच असं नाही, आणि हा फरक मला हवा आहे. गावात दंगलीची भीती असताना परिस्थिती व्होलटाइल म्हणतात, त्याला ‘स्फोटक’ लिहिलं जातं. तो शब्द बातमीच्या मानाने मोठा वाटतो. ‘कधी भडका उडेल सांगता येत नाही’ हे लांब आहे, पण नेमकं आहे, आणि उडणं तिथेही आलंच.