जुन्या सॅन स्टॉर्मला टर्बो बसवायचाय, कायद्यात बसतंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. गाडीतलं आणि आरटीओतलं दोन्ही कळणारं कोणीतरी इथं असेल म्हणून सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

माझ्याकडं काकांची सॅन स्टॉर्म आहे, लाल, २००२ ची, एमएच ०९ पासिंग. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, गोव्यात बनायची ही गाडी, दोन सीटची, उघड्या टपाची, बॉडी फायबरची आणि आत रेनोचं ११४९ सीसीचं पेट्रोल इंजिन. काका गेल्यावर चार वर्षं ताडपत्रीखाली होती, उंदरांनी वायरिंग खाल्लं होतं, डाव्या दाराचं फायबर बिजागरीपाशी तडकलं होतं, ते सगळं मी दोन वर्षं रविवार रविवार बसून उभं केलंय. कागद माझ्या नावावर झालेत, विमा चालू आहे, पीयूसी चालू आहे.

आता मुद्दा असा की गाडी दिसायला वाघ आहे पण पॉवर साठ बीएचपीच्या आसपास, गगनबावड्याच्या वरच्या वळणांवर सेकंडला आणली तरी दम लागतो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या गरम धुराच्या, जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. रेनोनं स्वतःच पुढं माझ्या इंजिनाच्याच डी सिरीजमध्ये ११४९ सीसीचंच टर्बो इंजिन काढलं होतं, सोळा व्हॉल्व्हचं, शंभर हॉर्सपॉवरच्या घरातलं, युरोपात ट्विंगो जीटीला यायचं. माझं आठ व्हॉल्व्हचं आहे, म्हणजे हेड (इंजिनाचा व्हॉल्व्ह असलेला वरचा भाग) वेगळं, हे मला माहीत आहे. पण ते वाचल्यापासून डोक्यात किडा शिरलाय. उद्यमनगरात आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत, चाळीस वर्षं ऑइल इंजिनाची कामं केलेला माणूस, त्यांनी मॅनिफोल्डचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) फ्लँज, म्हणजे जोडाची चकती, लेथवर काढूनसुद्धा दिलंय. मी समोर उभा होतो, निळ्या पडलेल्या किसाच्या गुंडाळ्या पायापाशी पडत होत्या आणि ते बोटानं फ्लँजचा चेहरा तपासत म्हणत होते की ह्यो पार्ट तुझ्या गाडीपेक्षा जास्त टिकंल. टर्बो मी स्क्रॅपमधून घेतलाय, १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनाचा केपी ३५ मॉडेलचा, छोटा आहे, लवकर स्पूल होईल म्हणजे वेग पकडेल या हिशोबानं.

बसवायच्या आधी पीयूसीवाल्याला विचारलं. तो म्हणाला दादा बिनधास्त बसवा, पास करून देतो, यंत्राला काय कळतंय. आणि तो खोटं बोलत नव्हता, हेच मला खटकलं. भारत स्टेज २ च्या आधीच्या चारचाकीला आयडलला (इंजिन नुसतं चालू ठेवून) सीओ म्हणजे कार्बन मोनॉक्साइड ३ टक्के आणि एचसी म्हणजे हायड्रोकार्बन १५०० पीपीएमपर्यंत चालतं, नळी सायलेन्सरमध्ये घालतात, गाडी जागेवर उभी, लोड नाही, म्हणजे टर्बो बूस्टच करत नाही, जास्तीची हवा कोंबतच नाही. घाटात फुल थ्रॉटलला मिक्श्चर रिच होऊन, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त होऊन, काय धूर निघतो ते त्या तपासणीत येतच नाही, आणि पेट्रोलला नॉक्स (नायट्रोजनची ऑक्साइडं) तर तिथं मोजतच नाहीत. म्हणजे पीयूसी पास होणं आणि बदल कायदेशीर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं माझं मत झालंय, पण ग्रुपवर सगळे म्हणतात पीयूसी आहे ना मग झालं.

माझा मावसभाऊ कॅलिफोर्नियात असतो. तिथं त्याच्या मियाटाला (माझदाची उघड्या टपाची गाडी) बाहेरचा टर्बो किट बसवायचा होता तर आधी बघावं लागलं की त्या किटला त्यांच्या एअर बोर्डाचा, म्हणजे कार्बचा, एक्झिक्युटिव्ह ऑर्डर नंबर आहे का, तोही त्याच मॉडेलसाठी आणि त्याच सालासाठी. नंबर असेल तर बॉनेटखाली स्टिकर लावायचं, स्मॉग तपासणीवाला तो नंबर बघतो आणि प्रश्न संपतो. नंबर नसेल तर धूर कितीही स्वच्छ असू दे, नापास. कडक आहे पण माणसाला आधी कळतं तरी. आपल्याकडं असा काही नंबर, काही अर्ज, काही रस्ता आहे का? सीएनजी किट आरसीवर चढतो मग टर्बो का नाही? २०२७ ला आरसीचं रिन्यूअल आहे, इन्स्पेक्टर बॉनेट उघडणार, चासी नंबरची पेन्सिल प्रिंट घेणार, तेव्हा मला खोटं बोलायचं नाही आणि टर्बो काढून दाखवून परत बसवायचा प्रकारही करायचा नाही. काकांची गाडी आहे, तिच्यावर डाग नको. कृपया ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनी सांगा.

प्रतिसाद १, वकिली करतो, गाडीवेडा

भावा, आधी विचारलंस हे फार चांगलं केलंस, आमच्याकडं लोक गाडी अटकल्यावर येतात.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाच. मालकानं गाडीत असा बदल करायचा नाही की ज्यामुळं आरसीवरचा तपशील कंपनीनं मूळ ठरवलेल्या तपशिलापेक्षा वेगळा पडेल. सीएनजीचं विचारलंस ना, त्याचं उत्तर तिथंच आहे. इंजिन दुसऱ्या इंधनावर चालवण्यासाठी किट बसवायला त्याच कलमात वेगळी सूट दिलीय, त्यात एलपीजी, सीएनजी, बॅटरी सगळं येतं, आणि तो किटसुद्धा पुण्याच्या एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेकडून टाइप अप्रूव्ह, म्हणजे तपासून मंजूर, झालेला लागतो. टर्बोनं इंधन बदलत नाही, त्यामुळं ती सूट तुला लागू होत नाही.

आता तू म्हणशील सीसी तर तेवढाच राहिला, आरसीवर काय बदललं? हा युक्तिवाद मी ऐकलाय, कारण कलमाखाली स्पष्टीकरण आहे की बदल म्हणजे गाडीच्या रचनेत असा फरक की मूळ वैशिष्ट्यं बदलतील. पण जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं केरळच्या प्रकरणात सांगितलं की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल चालणार नाही. रंग किंवा किरकोळ फिटिंग वेगळं, पण जिथं पॉवर दीडपट व्हायची तिथं मूळ वैशिष्ट्य बदललं नाही असं कोर्टात उभं राहून म्हणायची माझी तयारी नाही.

शिक्षेचं म्हणशील तर २०१९ च्या दुरुस्तीत १८२ ए आलं, त्याच्या पोटकलम ४ मध्ये मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा दोन्ही. धूर आणि आवाजासाठी १९० (२) वेगळं, तिथं पहिल्या वेळी १०,००० पर्यंत दंड आणि तीन महिने लायसन्स अपात्र. आणि विमा कंपनीला न सांगता इंजिनात हात घातलास तर स्वतःच्या गाडीच्या क्लेमला ते पहिलं हेच कारण काढतील.

प्रतिसाद २, गोकुळ शिरगाव

कायद्याचं वरच्या दादांनी सांगितलंय, मी मशीनचं सांगतो. डिझेलचा टर्बो पेट्रोलवर नको. डिझेलपेक्षा पेट्रोलचा एक्झॉस्ट कितीतरी जास्त तापतो, डिझेलच्या टर्बाइन हाउसिंगचं मटेरियल त्या हिशोबानं नसतं, लांब चढाला लाल होऊन तडकतंय. वर साध्या इंजिनाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जायचं प्रमाण) टर्बोसाठी जास्त पडतं, नॉकिंग, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकणं, सुरू झालं की पिस्टनला भोक. आणि तुझ्या गाडीची बॉडी फायबरची आहे हे विसरू नकोस, टर्बोपासून फायबर किती लांब येतंय ते मोजलंस का? उष्णतेचं कवच नसेल तर आग लागायला वेळ लागत नाही. मिस्त्रींचं काम एक नंबर असणार यात शंका नाही, पण फ्लँज चांगलं असून भागत नाही, ईसीयूचं, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग (पेट्रोल आणि ठिणगीचं सेटिंग) कोण करणार?

प्रतिसाद ३, फक्त एक शंका

माझी भारत स्टेज ६ ची टर्बो गाडी आहे, कंपनीचाच टर्बो, फक्त मोठा घालायचाय आणि डाउनपाइप (टर्बोनंतरचा धुराचा पाइप) बदलायचाय. मग मला चालेल ना?

प्रतिसाद ४, वकिली करतो, गाडीवेडा

नाही भावा, तुझं तर जास्त अवघड आहे. डाउनपाइप बदलताना बहुतेक वेळा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच (धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, म्हणजे कॅट) काढतात. मागचा ऑक्सिजन सेन्सर ते लगेच पकडतो, चेक इंजिनचा दिवा लागतो. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या तर रस्त्यावरच्या प्रत्यक्ष उत्सर्जनाच्या नियमात पास होऊन आलेल्या आहेत. आणि तुझ्या पीयूसीला नुसता आयडल बघत नाहीत, सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम आणि वर अडीच हजार आरपीएमला लॅम्डा (हवा आणि पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) १ च्या आसपास लागतो. कॅट काढलेली गाडी तिथंच अडकेल.

मूळ धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद २ वाचून काल रात्री शेडमध्ये गेलो आणि टेप लावून मोजलं. टर्बो जिथं बसणार होता तिथनं बॉनेटचं फायबर जेमतेम चार बोटं वर आहे. मी दोन वर्षं त्या बॉनेटला पॉलिश केलंय आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही. टर्बो परत गोणपाटात बांधून ठेवलाय, मिस्त्रींना आज जाऊन सांगितलं, ते जरा नाराज झाले पण फ्लँज ठेव म्हणाले.

तरी सोमवारी ताराराणी चौकात आरटीओला एक लेखी अर्ज देतोय, की असा बदल करायचा आहे, परवानगीची काही तरतूद आहे का. नाही म्हणाले तर नाही, पण उत्तर कागदावर मिळू दे. काय लेखी येईल ते इथंच टाकतो.

तोवर दोन गोष्टी विचारतो. एक, पॉवर न वाढवता घाटात गाडी बरी चालावी म्हणून मूळ स्पेसिफिकेशनमध्येच काय करता येईल, इंजेक्टर साफ, क्लच नवा आणि टायमिंग बेल्ट केलाय, कॉम्प्रेशन टेस्ट अजून केली नाही, ती कोल्हापुरात नीट कोण करून देतं? दोन, या गाडीच्या डाव्या दाराची बिजागरी कोणाकडं पडून असेल तर कृपया मेसेज करा, गोव्यापर्यंत यायची तयारी आहे.