लोगोला बेव्हल बसत नाही, मदत हवी आहे (अर्जंट)

हळदगाठ: फोटोशॉपमध्ये लोगोला बेव्हल (कडेला उजेड-सावली देऊन उठाव आणणारा इफेक्ट) देतोय. अक्षरं उठून दिसायला हवीत, पण उजेड-सावली फक्त बाहेरच्या चौकोनाला येते, अक्षरं सपाटच. डेप्थ १००० केली तरी तेच. सांगलीत गणपती पेठेतल्या हळदीच्या पेढीचा फ्लेक्स आहे, फाइल सकाळी द्यायचीय. लवकर सांगा.

कडाकोपरा: फाइल कसली आहे? फ्लेक्स किती फुटी?

हळदगाठ: व्हॉट्सॲपवर आलेली, मागे पांढरं. लेअरचं लॉक काढलंय.

कडाकोपरा: मग जेपीजी आहे. बेव्हल रंग बघत नाही, लेअरमधला पारदर्शक भाग कुठे सुरू होतो तेवढंच बघतो. तुमचा पांढरा भागही त्याच्या दृष्टीने भरलेलाच, म्हणून चौकोनाची कड उठते. मॅजिक वाँड घ्या, टॉलरन्स ३२, कंटिग्युअसची खूण काढा, म्हणजे ळ आणि व यांच्या पोटातलं पांढरंही निवडलं जाईल. डिलीट मारा. मग लेअर, मॅटिंग, डिफ्रिंज, १ पिक्सेल, म्हणजे कडेला उरलेली पांढरी किनार जाईल.

वेल्डकरा: एवढा खटाटोप कशाला? पेढीकडून मूळ सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) मागवा आणि कोरलमध्येच बेव्हल द्या, सॉफ्ट एज.

कडाकोपरा: कोरलमध्ये ग्लॉस काँटूर (कडेची चकाकी बदलायची सोय) कुठून आणणार? सीडीआर मात्र मागवाच, हे बरोबर. व्हॉट्सॲपच्या जेपीजीची कड खडबडीत असते. चिझल हार्ड (बेव्हलचा धारदार कडेचा प्रकार) लावलं की प्रत्येक खाच आतपर्यंत ओरखड्यासारखी दिसते. सीडीआर मिळत नसेल तर पेन टूलने शेप काढा.

वेल्डकरा: सीडीआर मिळाली तर आधी एक बघा. मजकूर श्रीलिपी फाँटमध्ये असेल तर शिरोरेषा एकमेकींवर चढलेल्या असतात. कर्व्ह्ज केल्यावर (मजकुराचे आकार बनवल्यावर) जिथे चढतात तिथे भोकं पडू शकतात, आणि बेव्हल प्रत्येक भोकाला वेगळी कड देतं. सगळं निवडून वेल्ड करा (जोडून एकच आकार बनवा), मगच पुढे न्या.

मात्रावेलांटी: फोटोशॉपमध्ये मराठी तुटत असेल तर प्रेफरन्सेस, टाइपमध्ये साउथ एशियन इंजिन निवडा आणि नवी फाइल उघडा. जुन्या आवृत्तीत हे करावंच लागतं.

हळदगाठ: मराठी नीट आहे, तो प्रश्न नाही. पांढरं काढलं, अक्षरं उठली! पण पिवळा रंग शेवाळी दिसतोय. फ्लेक्स १० बाय ४.

कडाकोपरा: शॅडोचा रंग काळा आहे ना? पिवळ्यावर काळा मल्टिप्लाय झाला (गडद करत मिसळला) की हिरवट छटा येतेच. त्याच्या जागी गडद तपकिरी घ्या, ओपॅसिटी ५० च्या आसपास. पिवळ्यावर पांढरा हायलाइटही हरवतो, म्हणून मूळ पिवळा थोडा केशरीकडे न्या.

आता साइझ, म्हणजे बेव्हलच्या कडेची रुंदी. ७२ रिझोल्यूशनला (इंचाला ७२ पिक्सेल) १० बाय ४ फूट म्हणजे ८६४० बाय ३४५६ पिक्सेल. साइझ २० ठेवली तर छपाईत कड जेमतेम ७ मिलिमीटर, रस्त्यावरून दिसणार नाही. ६० पासून सुरू करा, पण अक्षराची सर्वांत बारीक रेघ १२० पिक्सेलपेक्षा बारीक असेल तर दोन्ही बाजूंचे उतार मध्येच भिडतात आणि वरचा सपाट भाग उरत नाही.

सनबोर्ड: हल्ली सपाट लोगोच चालतो. त्यापेक्षा अ‍ॅक्रिलिकची खरी उठावाची अक्षरं बसवा.

वेल्डकरा: सकाळपर्यंत अ‍ॅक्रिलिक कोण कापून देणार?

हळदगाठ: साइझ ६० केली, वेलांट्या फुगल्यासारख्या दिसतात.

कडाकोपरा: वेलांट्यांची रेघ बारीक आहे. त्या वेगळ्या लेअरवर घेऊन साइझ कमी केलीत तर जोडावर सांधा दिसेल, म्हणून सगळीकडेच ३५ करा. चिझल सॉफ्ट, यूज ग्लोबल लाइट (सगळ्या इफेक्ट्सना उजेड एकाच दिशेने) चालू. लोगो नंतर लहान-मोठा केलात तर स्केल इफेक्ट्स (इफेक्टही त्याच प्रमाणात बदलणं) विसरू नका.