अनुभव धागा : माळ्यावरची पेटी आणि घरातली हत्यारं

परवा रंगकामासाठी माळा रिकामा केला आणि बाबांची पत्र्याची पेटी खाली आली. कडी गंजून घट्ट बसली होती. खोबरेल तेलाचे चार थेंब सोडून रात्रभर ठेवली, सकाळी सुटली. आत दोन कानशी, काटकोन बघायचा गुण्या, दोरीने फिरवून भोक पाडायचा सामता, पकड आणि तळाशी फडक्यात गुंडाळलेला पितळी ओळंबा. फडक्याला अजून ग्रीसचा वास आहे. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले.

बाबा परळच्या गिरणीत फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीत. अडीच लाख कामगार, संपाचे नेते दत्ता सामंत, हे सगळं नंतर वाचलं. तेव्हा आमच्यासाठी संप म्हणजे बाबा दुपारचे घरी दिसायला लागले. आठ-दहा दिवस नुसते गॅलरीत उभे असायचे. मग एका सकाळी ही पेटी उघडली. कुणाचा स्टो, कुणाची मोरी तुंबलेली, कुणाचं दार पावसाने फुगलेलं. चाळीत पैसे मागायचे नाहीत हा त्यांचा नियम, पण संध्याकाळी कुणी तांदूळ पाठवायचं, कुणी सुके बोंबील. मी त्यांच्या मागे टेस्टर धरून हिंडायचे.

परवा लेकीच्या खोलीत पुस्तकांची फळी लावायची होती. सुतार तीन दिवस "येतो" म्हणत होता. शेवटी शेजाऱ्यांची ड्रिल आणली, ६ मिमीचं बिट, ६ चे रॉल प्लग (स्क्रू घट्ट बसायला भोकात घालतात ते), आणि उभी रेघ मारायला बाबांचा ओळंबा. दोरी हलायची थांबेपर्यंत श्वास रोखून उभं राहायचं, मग खूण करायची, हे हाताला आठवत होतं. फळी बसली.

तुमच्याकडे कुठलं हत्यार आहे, कुणाकडून आलं, काय शिकलात, आणि नवीन घेणाऱ्याने काय घ्यावं? लिहा.

———

रत्नागिरीकर

छान लिहिलंत. एकच सांगतो, खोबरेल तेल कडीला चालतं, हत्यारांना नको. काही महिन्यांनी चिकट होतं, धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल वापरा. आमच्याकडे पावसाळ्याआधी सगळी हत्यारं पुसून, तेलाचा हात फिरवून प्लास्टिकच्या डब्यात जातात. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून देऊ नका, त्या डब्यात घाला. चार महिने इथे हवेतच पाणी असतं.

———

माहेर_काळाचौकी

तुम्ही परळच्या कुठल्या चाळीत? माझं माहेर काळाचौकी. माझे वडीलही गिरणीत, साच्यावर, म्हणजे मागावर. संपानंतर ते गावी गेले ते परत आलेच नाहीत. सुके बोंबील वाचून डोळ्यांत पाणी आलं. हत्यारांचं मला काही कळत नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

———

दुपारपाळी

एक विचारते, धागा भरकटतोय असं वाटलं तर माफ करा. आईच्या खोलीतला पंखा अगदी हळू फिरतो, पाचवर ठेवला तरी. चालू केल्यावर आधी नुसता गुणगुणतो, काठीने ढकललं की फिरतो. नागपूरचा उन्हाळा, आई ७८ वर्षांची, रात्रभर झोपत नाही. नवीन घ्यायचा का?

———

गुण्या

@दुपारपाळी, थांबा, पंखा टाकू नका, खाली कुणी ना कुणी सांगेलच.

माझा अनुभव महागात पडलेला आहे. नवीन घरात स्वयंपाकघरात मसाल्याचं रॅक लावायला मी स्विचबोर्डच्या बरोबर वर, सरळ रेषेत भोक पाडलं. ठिणगी, धूर, अर्ध्या घराची वीज गेली. भिंतीतला पाइप बोर्डातून सरळ वर जातो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. ताबा देताना बिल्डरकडून वायरिंगचा नकाशा मागितला होता, तो कधी मिळाला नाही. त्या दिवशी मी वाचलो, कारण ड्रिलचं बाहेरचं आवरण प्लास्टिकचं होतं आणि घरात आरसीसीबी होती (वीज गळाली की पुरवठा तोडते ती), ३० मिलिअँपिअरची. क्षणात पडली.

तेव्हापासून माझा नेम : बोर्डाच्या सरळ वर, सरळ खाली आणि आडव्या रेषेत ड्रिल लावायची नाही. नळाच्या वर तर नाहीच. ज्यांच्या घरात आरसीसीबी नाही त्यांनी ड्रिलचे पैसे आधी तिच्यावर घालावेत. आणि असली तर महिन्यातून एकदा तिच्यावरचं टेस्टचं बटण दाबून बघा, पडते की नाही.

———

वायरमनची_लेक

@दुपारपाळी, तुम्ही सांगता ती लक्षणं कॅपॅसिटरची आहेत. ढकलल्यावर फिरतो म्हणजे मोटर ठीक असणार. पंख्याच्या वरच्या वाटीत छोटा चौकोनी किंवा गोल डबा असतो, त्यावर आकडा लिहिलेला असतो, बहुतेक पंख्यांना २.५ मायक्रोफॅरड, काहींना ३.१५. तोच आकडा आणा. जास्तीचा घातला की जोरात फिरेल, असं दुकानदार म्हणाला तरी ऐकू नका, मोटर तापते. शंभराच्या आत काम होतं.

भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही. एमसीबी (मेन बोर्डातला खटका) खाली करा आणि टेस्टर लावून खात्री करा. जुन्या कॅपॅसिटरमध्येही कधी कधी चार्ज असतो, टोकांना बोट लावू नका. स्टूल धरायला कुणीतरी हवं. एकट्या असाल तर वायरमन बोलवा, पण "कॅपॅसिटर बदलायचाय" असं सांगूनच, म्हणजे तो नवा पंखा गळ्यात मारणार नाही.

———

विटा_आणि_वाळू

ओळंबा वाचून थांबलो. माझे वडील गवंडी. त्यांच्याकडे ओळंबा, थापी, आणि तिसरी वस्तू म्हणजे पारदर्शक नळी, पाणी भरलेली. दोन खोल्यांत, मध्ये भिंत असताना, दोन्हीकडे एकाच उंचीची खूण करायची तर आजही त्या नळीसारखं काही नाही. एक टोक वडिलांकडे, दुसरं माझ्याकडे. पाणी डुलायचं थांबलं की ते पलीकडून ओरडायचे, "मार!" मी पेन्सिलीने खूण मारायची. नळीत हवेचा एक बुडबुडा राहिला तरी खूण चुकते, म्हणून भरताना बादलीतून हळू ओढून घ्यायची आणि पूर्ण लांबी डोळ्याखालून घालायची. हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते.

मी आता लेझर लेव्हल वापरतो. खूप कामाची आहे. पण खोली ओलांडायची तर अजून नळीच काढतो.

———

उद्यमनगरी

कोल्हापुरात राहतो, उद्यमनगरातल्या कारखान्यात उमेदवारी केली, त्यामुळे कानस आणि व्हाइस (वस्तू घट्ट धरणारा शिकंजा) याशिवाय घर अपुरं वाटतं. कानस पुढे ढकलताना दाब द्यायचा, मागे आणताना उचलायची. दोन्हीकडून घासली की दाते मरतात. पहिल्या आठवड्यात मिस्त्रींनी माझ्याकडून हेच करून घेतलं, दुसरं काही नाही.

विषय निघालाय तर बिडाच्या तव्याचं सांगतो, आमच्या घरी सगळे मलाच विचारतात. नवा तवा आणला की गरम पाण्याने घासून लगेच कोरडा करा, गॅसवर ठेवून. मग तेलाचा अगदी पातळ हात, पुसून टाकल्यासारखा, आणि धूर येईपर्यंत तापवा. असं चार-पाच वेळा. लोक तेल ओततात, मग तवा चिकट होतो आणि तव्याला नावं ठेवतात. पहिले आठ दिवस भाकरी नको, आंबोळ्या किंवा धिरडी करा. टोमॅटो, चिंच यावर शिजवू नका, बसलेला थर उतरतो. पडला तर फुटतो, ठोकून सरळ होत नाही.

———

आंबोळीप्रेमी

तवा शेवटी बसला हो! दोनदा ओतूनच तेल लावलं होतं, तेच चुकत होतं. धन्यवाद उद्यमनगरी दादा.

———

जर्सी_सिटीची_काकू

इथे भिंती विटांच्या नाहीत, हे कळायला माझा एक आरसा फुटला. ड्रायवॉल म्हणजे जिप्समचे पातळ तक्ते, त्यांच्या मागे पोकळी. भारतातून रॉल प्लग आणले होते, भिंतीतून आरपार आत पडले. इथे आत लाकडाचे उभे खांब असतात, बहुधा १६ इंचांवर एक. स्टड फाइंडर घ्या किंवा भिंतीवर बोटाने वाजवत जा, आवाज भरीव झाला की तिथे खांब. जड वस्तू खांबातच.

आणि नवीन येणाऱ्या मुलींनो, तिकडचा मिक्सर घरून आणू नका. इथे १२० व्होल्ट. मी ७५० वॉटचा आणला, त्यासाठी १५०० वॉटचा ट्रान्सफॉर्मर घेतला, तो उचलताना कंबर धरते. इथल्या व्होल्टेजवर चालणारे आपले मिक्सर इथल्या भारतीय दुकानांत मिळतात. आणायचंच तर पुरणयंत्र आणा, त्याला वीज लागत नाही.

———

सासूबाईंची_मशीन

+१ पुरणयंत्राला.

माझ्याकडे सासूबाईंची पायाची शिलाई मशीन आहे. चार वर्षं झाकून होती कारण टाका सुटायचा. दोन कारागिरांनी नवीन घ्या म्हणून सांगितलं. शेवटी मीच दातऱ्यांवरची पट्टी उघडली, तर खाली कापसासारखा दोऱ्याचा भुगा दाबून बसलेला. ब्रशने काढला, प्रत्येक भोकात तेलाचा एक थेंब, नवी १४ नंबरची सुई. रद्दी कापडावर अर्धा तास नुसतं शिवत बसले, जादाचं तेल त्यात गेलं. आता सरळ शिवते. टाका बिघडला की आधी सुई बदला, मग दोरा परत ओवा, आणि त्यानंतरच टेन्शनच्या स्क्रूला हात लावा. जीन्सला १६ ची सुई.

सासूबाई आता नाहीत. पट्टा फिरायला लागल्याचा तो आवाज घरात परत आला तेव्हा सासरे आतल्या खोलीतून बाहेर येऊन उभे राहिले.

———

पहिलीच_ड्रिल

सगळं वाचतोय आणि लिहून घेतोय. ड्रिल कुठली घेऊ? घरगुती, पडदे, फळ्या, फोटो. ब्रँड नको, नुसतं काय बघायचं ते सांगा. बॅटरीची की वायरची?

———

विटा_आणि_वाळू

वायरची घ्या. १३ मिमीचा चक (बिट धरणारा जबडा), ५०० ते ६५० वॉट, हॅमरचा, म्हणजे ठोके देत भोक पाडायचा खटका आणि उलट फिरणारी. विटांच्या भिंतीला पुष्कळ झाली. बीम किंवा कॉलम लागला की ती रडते, पुढे जात नाही. तिथे जोर लावू नका, दोन इंच खाली भोक घ्या किंवा त्या दिवसापुरती रोटरी हॅमर भाड्याने आणा. बॅटरीची स्क्रू पिळायला उत्तम, पण भिंतीसाठी चांगली बॅटरीवाली महाग पडते.

पैसे बिटांवर घाला. भिंतीचं बिट वेगळं, त्याच्या टोकाला कार्बाइडची तुकडी असते. लाकडाचं आणि लोखंडाचं वेगळं. हॅमर चालू ठेवून टाइल फोडू नका. टाइलवर आधी चिकटपट्टी लावा, हॅमर बंद, हळू वेग, टाइल संपली की मगच हॅमर. प्लग टाइलच्या आत गेला पाहिजे, टाइलमध्ये फुगला तर चीर पडते.

भोकाखाली जुन्या कॅलेंडरचं पान दुमडून खिशासारखं चिकटवा, भुगा त्यात पडतो. चष्मा घाला. माझ्या डोळ्यात एकदा गेलंय.

———

गुण्या

पुण्यात असाल तर जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी एक फेरी मारा. जुने पाने, पकडी, बारक्या ऐरणी मिळतात. विजेवर चालणारं तिथून घेऊ नका, पण लोखंडी जरूर. मुंबईकरांना हत्यारांच्या बाजाराची नागदेवी स्ट्रीट सांगायला नकोच.

———

वायरमनची_लेक

नवा पंखा खरंच घ्यायचा असेल कुणाला तर बीएलडीसी मोटरचा, कमी वीज खाणारा घ्या, साधा ७५ वॉट खातो तिथे हा ३०-३५. फक्त जुना रेग्युलेटर मधून काढून टाका, या पंख्यांना तो चालत नाही.

@दुपारपाळी, काय झालं पुढे?

———

धागा सुरू करणारी

एवढं सगळं येईल वाटलं नव्हतं. रत्नागिरीकर, मशीनचं तेल आणलं, कानशी ब्रशने साफ केल्या, सामत्याची दोरी मात्र कुजली आहे, बदलीन. माहेर_काळाचौकी, तुम्हाला वेगळं लिहिलंय, वाचा. आमची चाळ पाडली, आता तिथे टॉवर आहे.

लेक परवा विचारत होती ओळंबा तिच्या खोलीत टांगू का. टांगून ठेवायचा असेल तर माझ्याकडेच राहू दे म्हटलं, खिडकीचे पडदे लावताना लागेल. पडदे तीच लावणार आहे.

———

दुपारपाळी

२.५ होता. कोपऱ्यावरच्या दुकानात ७० रुपयांना मिळाला. भाऊ स्टूल धरायला आला होता, एमसीबी खाली करून टेस्टर दोनदा लावला. चालू केला तर पहिल्याच झटक्यात भिंतीवरचं कॅलेंडर उडालं. तीनवर ठेवलाय. आई दुपारी जेवून आडवी झाली ती आत्ता पाच वाजता उठून चहा मागतेय.