घरातल्या मुलग्यांची नावं कशी पडली? (अनुभव धागा)

सुमेधा
भाच्याचं बारसं जवळ आलंय, घरात नावांच्या याद्या चालू आहेत. काल कुणीतरी म्हणालं, "आजोबांसारखं गावठी नाव तेवढं नको." मला फार लागलं ते. आजोबा धोंडू. पणजीची आधीची मुलं जगत नव्हती. गोड नाव ठेवलं की दृष्ट लागते, म्हणून मुद्दाम धोंडू, दगडू, केरू, भिकू ठेवायचे. बाळाला उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणायचे, की हे टाकलेलं पोर आहे, याला कोण नेणार! कुणाचं नावच उकिरडा असायचं. ती आई रोज त्या नावाने हाक मारताना काय म्हणत असेल मनात? तुमच्या घरातल्या नावांमागे काय आहे ते लिहा ना. हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत.

सोलापूरकर
धोंडूचं आणखी एक कारण असतं ताई. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. त्यात जन्मला म्हणूनही धोंडू. जन्मतारीख पंचांगाशी ताडून बघा.

सुमेधा
तारीखच नाही हो. "पिलेगाच्या नंतर" एवढंच पणजी सांगायची.

रोहिणी_के
कुकर लावलाय, घाईत लिहिते. आमच्याकडे सगळ्यांनी मिळून नाव ठरवलं, कागदावर लिहून पाळण्याला लावलं, आणि नणंदबाईंनी कानात कुर्रर्र करताना भलतंच सांगितलं!! म्हणाल्या, आत्याचा मान आहे. तेच चालू आहे अजून. शिट्टी झाली, येते

पन्हाळा
जोतिबा! आमच्याकडे घरटी एक जोतिराम. वाडी रत्नागिरीचा नवस. महात्मा फुल्यांचं जोतीराव हे नावही याच देवाचं. लोक ज्योत, उजेड वगैरे अर्थ लावतात तेव्हा सांगावंसं वाटतं, आधी चैत्र यात्रेला येऊन गुलाल अंगावर घ्या.

गुरुजी
पीर आणि देव असा भेद नवसात नव्हता. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाहशरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं सांगतात. म्हणजे शिवरायांच्या वडिलांचं नाव. वर्गात मी हे दरवर्षी आवर्जून सांगायचो.

मिरजेची_शबाना
गुरुजी, छान वाटलं वाचून. माझे अब्बा दस्तगीर. फारसीत दस्त म्हणजे हात, गीर म्हणजे धरणारा. बगदादच्या अब्दुल कादिर जिलानींचं बिरुद आहे ते. शेजारच्या काकू "दस्तू" म्हणायच्या आणि दिवाळीचं पहिलं ताट दस्तूचंच. काकू गेल्या तेव्हा अब्बा दोन दिवस जेवले नाहीत.

रोहिणी_के
शबाना ❤️

निखिल
आमचं पोरगं आर्द्रा नक्षत्रावर. कु, घ, ङ, छ. कोणीतरी ङ वरून नाव सांगा 😄

पन्हाळा
कुणाल ठेवा की राव!

निखिल
चुलतभाऊ कुणालच आहे. पत्रिकेत घनश्याम ठेवलं, शाळेत वेगळं.

वसंतिका
आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत. पण सुनेने सासऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नाही. मग आईने लेकाला हाक कशी मारायची? म्हणून तर प्रत्येक घरात बाळू, बापू, अण्णा, नाना झाले. माझ्या नवऱ्याचं कागदोपत्री पांडुरंग, सासूबाईंच्या तोंडी कायम बाळू. रेशन दुकानात मुलाचं नाव विचारलं की त्यांनाच पुढे ढकलायच्या, "सांग रे तुझं नाव". लहानपणी ह्यांना वाटायचं, आई आपली परीक्षा घेते.

सुमेधा
वसंतिकाताई, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं! आमच्या घरातले तीन नाना आत्ता उलगडले.

वसईकर
आमच्या आळीत पास्कू म्हणजे ईस्टरच्या दिवसांत जन्मलेला. इनास म्हणजे संत इग्नेशियस. गोव्याच्या मामाचं जुवांव, म्हणजे जॉन; सांजांवला, संत जॉनच्या सणाला, विहिरीत उडी पहिली त्याची. माझं झेवियर. ते मुळात माणसाचं नावच नाही, संत फ्रान्सिस ज्या किल्ल्यात जन्मले त्या स्पेनमधल्या जागेचं. बास्क भाषेत "नवं घर". बाबांनी घर बांधलं त्याच वर्षी मी झालो, त्यांना हे माहीतही नव्हतं.

मालवणी_मुलूख
नव्या नावांना नाकं मुरडू नका एवढंच सांगते. माझा अर्णव. अर्णव म्हणजे समुद्र. दुबईत राहतो, पण मला लेकाच्या नावात समुद्र हवाच होता. माझ्या आजोबांची होडी होती.

बुलढाणा
शेगाव जवळ, त्यामुळे वर्गात गजानन इतके की गुरुजी आडनावानेच हाक मारायचे. घरी परत गजाभाऊ, गजू, गजा, ज्याचा त्याचा वेगळा. सुमेधाताई, भाच्याला आजोबांचं नाव पाळण्यातलं म्हणून ठेवा, शाळेतलं दुसरं ठेवा. आमच्याकडे तसंच करतात.

सुमेधा
वहिनीशी बोलते आजच.

रोहिणी_के
आले. बारशाला घुगऱ्या कशाच्या करताय? आमच्याकडे हरभऱ्याच्या.

सोलापूरकर
गव्हाच्या करा, गूळ घालून. रात्रीच भिजत घाला.

रोहिणी_के
गूळ?? आमच्याकडे मीठ आणि ओलं खोबरं. गूळ शिजताना घालता की नंतर?