मदत हवी आहे: ऑड फेलोजची जुनी कॉलर आणि बॅज, सभासद नसताना घातलं तर चालतं का?

नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो. इथे घरातलं वयस्कर माणूस गेलं की घरच्यांनी सगळं सामान तिथेच मांडून विकायची पद्धत आहे, इस्टेट सेल म्हणतात, तिथून लेकीने एक डबा आणलाय. आत लाल मखमलीची रुंद कॉलर, खांद्यावरून छातीवर उतरणारी, कडेला जरीची झालर जी आता काळपट झालीये, आणि तीन कड्यांची साखळी भरतकामात काढलेली. अस्तरावर एम. सी. लिली अँड कंपनी, कोलंबस असं लेबल आहे. साखळीवरून शोधलं तर ही इंडिपेंडंट ऑर्डर ऑफ ऑड फेलोज नावाची, सभासदांनी एकमेकांना धरून राहायची, मदत करायची संघटना निघाली, थॉमस वाइल्डीने १८१९ मध्ये बाल्टिमोरला सुरू केलेली, तीन कड्या म्हणजे मैत्री, प्रेम आणि सत्य.

लेकीला ती कॉलर डेनिम जॅकेटवर घालून कॉलेजच्या पार्टीला जायचंय. तिच्या मैत्रिणी म्हणतात जुनं आहे, विकत घेतलंय, घाल की. मला मात्र तो सोबतचा रिबिनीचा बॅज बघितल्यापासून राहवत नाहीये. एका बाजूने लाल, त्यावर लॉजचं, म्हणजे त्यांच्या गावातल्या शाखेचं, नाव नि नंबर, आणि उलटा केला की तोच बॅज काळा, चंदेरी अक्षरांत ‘इन मेमोरियम’. सभेला लाल बाजू आणि सभासद गेला की अंत्यविधीला काळी बाजू पुढे. आजाऱ्याला भेटायचं, मेलेल्याला मूठमाती द्यायची, अनाथ मुलांना शिकवायचं हे ह्या लोकांनी स्वतःवर घेतलेलं कामच होतं, आणि तेही सर्वसामान्य माणसाला सरकारी पेन्शन वगैरे नव्हतं त्या काळात. म्हणजे हा बॅज लावून कोणीतरी आपल्या मित्राला पोचवून आलंय. तुळशीची माळ नेम न घेता नुसती ड्रेसवर शोभते म्हणून घातली तर कसं वाटेल, तसं मला वाटतंय. पण मी उगाच जास्त विचार करतेय का? कोणाला ह्यातली माहिती असेल तर प्लीज सांगा, लेकीला नुसतं नाही म्हणायचं नाहीये.

प्रतिसाद:
जास्त विचार अजिबात नाही ताई. माझे काका मुंबईत फ्रीमेसन होते, तीही अशीच एक जुनी सभासदांची संघटना, त्यांचा सभेत बांधायचा एप्रन एका चपट्या बॅगेत असायचा, लॉजमध्ये पोचल्यावर बांधायचा आणि निघताना परत बॅगेत, रस्त्यात कधी कोणाला दिसला नाही. ऑड फेलोज वेगळे, मेसन वेगळे, पण पदाची खूण बाहेर मिरवायची नाही हे बऱ्याच ठिकाणी सारखंच. लाल कॉलर त्यांच्यात नोबल ग्रँडची, म्हणजे लॉजच्या अध्यक्षाची असते, त्यामुळे ती नुसती सजावट नाही. नाटकात, प्रदर्शनात घातली तर बघणाऱ्याला कळतं की हा वेश आहे, पार्टीत ते कळत नाही.

प्रतिसाद:
मी जुन्या वस्तू गोळा करतो. विकत घेणं, जपणं, फ्रेम करून भिंतीला लावणं ह्यात काहीच गैर नाही, लॉज बंद पडतात तेव्हा हे सामान लिलावात निघतंच. पण ऑड फेलोज आजही चालू आहेत, आणि सभासद नसताना चालू संघटनेची चिन्हं सभासद असल्यासारखी वापरण्यावर अमेरिकेतल्या काही राज्यांत कायदेही आहेत, तेव्हा तुमच्या राज्याचं बघून घ्या. बॅजवर नंबर आहे ना, मग राज्याच्या ग्रँड लॉजला, म्हणजे सगळ्या लॉजच्या वरच्या संस्थेला, फोटो पाठवून विचारा. आणि लेकीला एवढी आवड असेल तर त्यांच्यात बायकांसाठी रिबेका डिग्री, म्हणजे सभासदत्वाचा एक प्रकार, १८५१ पासून आहे, रीतसर आत जाऊन तिला तिची स्वतःची कॉलर मिळू शकेल.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. रिबेकाचं लेकीला वाचून दाखवलं, ती लगेच गुलाबी-हिरव्या कॉलरींचे फोटो शोधत बसलीये. पार्टीला ती साधं जॅकेटच घालणार म्हणाली, स्वतःहून. बॅज कोणी घालणार नाही हे तर माझं आधीच ठरलं होतं. ग्रँड लॉजला आज मेल करते, त्या लॉजच्या माणसांची नातवंडं-पतवंडं गावात असतील तर बॅज त्यांच्याकडे जावा असं फार वाटतंय. आता एकच विचारायचंय, काळी पडलेली जरीची झालर घासायची की तशीच ठेवायची? आणि मखमलीची घडी न घालता ती ठेवतात कशी?